जिल्हा दैनिकाची वार्षिक वर्गणी : साडेतीन तारे आणि कंसातलं (वा.प्र.)

आधी माझे लागेबांधे सांगते, म्हणजे नंतर कोणी बोट दाखवायला नको. जळगाव जिल्ह्याच्या रावेर-यावल पट्ट्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. ज्या दैनिकाबद्दल लिहितेय त्याच्या दोन प्रती आमच्याकडे येतात, एक टेबलावर आणि एक फायलीत. बिल दर महिन्याला चुकतं केलं जातं, फुकट काही नाही. पण या पेपरचा आमच्या भागाचा वार्ताहर वाचनालयाच्या कार्यकारिणीत आहे. माझा चुलतभाचा पूर्वी जळगावला याच पेपरात पानं लावायचा. आणि आमच्या वाचनालयात काहीही झालं, अगदी बालवाचकांना खाऊ वाटला, तरी फोटोसकट छापून येतं. पलीकडच्या गावच्या वाचनालयाचं येत नाही, त्यांचं काम आमच्यापेक्षा चांगलं असूनही. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

पेपरचं नाव लिहीत नाही. एक तर गाव लहान आहे, नाव लिहिलं की चर्चा पेपरवर न होता माझ्यावर होणार. दुसरं, मी जे सांगणार आहे ते जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतल्या वाचकाला आपापल्या पेपरात सापडेल. माझ्याकडे फायली आहेत म्हणून मला जरा आधी दिसतं, इतकंच.

चांगलं काय ते पहिल्यांदा. पेपर वेळेवर येतो. जळगावहून निघालेली टेम्पो फैजपूर करून उजाडायच्या आत पोचते, पावसाळ्यात गठ्ठ्याला प्लास्टिक असतं. हतनूर धरणाचे एक्केचाळीसपैकी किती दरवाजे उघडले, किती क्युसेक सोडलं, तापीकाठच्या गावांना इशारा दिला का, हे या पेपरात जितकं नेमकं येतं तितकं मोठ्या साखळीच्या पेपरांत येत नाही. निधनवार्ता बिनचूक असतात. अंत्ययात्रेची वेळ आणि कोणाच्या राहत्या घरून निघणार, हे कधी चुकलेलं माझ्या आठवणीत नाही. भुसावळच्या गाड्या रद्द झाल्या, मेगाब्लॉक लागला, तर पहिल्या पानावर चौकट असते. आणि केळीभाव. नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी अशा केळीच्या प्रकारांचे दर, त्यापुढे फरक, खाली बऱ्हाणपूरच्या लिलावाचा आकडा. आमच्याकडे सकाळी येणारे निम्मे लोक तेवढंच पाहून उठतात. चौकटीतला भाव आणि व्यापारी बांधावर देतो तो भाव यांत अंतर असतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण भांडायला हातात आकडा तर असतो. ही सेवा पाच रुपयांत मिळते, तिला मी नावं ठेवणार नाही.

आता आतली पानं.

नव्या वाचकाने सर्वांत आधी बातमीच्या सुरुवातीचा कंस बघायला शिकावं. (प्रतिनिधी), (वार्ताहर) असेल तर ती बातमी. (वा.प्र.) असेल तर वाणिज्य प्रतिनिधी, म्हणजे पैसे देऊन छापून घेतलेला मजकूर. तोच टाइप, तेच कॉलम, तसाच मथळा, फरक फक्त कंसातल्या त्या दोन अक्षरांचा. टेबलावर पेपर वाचणाऱ्या आमच्या एका आजोबांना मी हे समजावलं, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "म्हंजे पेपरात आलं तरी खरं नसीन का वं ताई?" खरं असेलही, आबा. फक्त कोणाच्या पैशाने आलं ते बघून घ्या, एवढंच मी म्हटलं.

पण (वा.प्र.) हा तरी प्रामाणिक प्रकार झाला. खरी अडचण (प्रतिनिधी) लिहून येणाऱ्या मजकुराची आहे.

फायलीतलं एक पान समोर ठेवून लिहितेय. पाच कॉलमी मजकूर, केळीच्या टिश्यूकल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेल्या, रोपांनी एका शेतकऱ्याचं नशीब कसं उजळलं त्याचा. डोक्यावर टोपी, हातात घड, फोटो सुंदर आहे. एकरी रोपं किती, ठिबक कसं, खतं कधी दिली, सगळी माहिती आहे आणि ती उपयोगाचीही आहे. मजकुरात रोपवाटिकेचं नाव चार ठिकाणी येतं. शेवटच्या ओळीत बुकिंगचा मोबाइल नंबर. बातमीत बुकिंगचा नंबर कधीपासून यायला लागला? वर कंसात (प्रतिनिधी). त्याच अंकात सातव्या पानावर त्याच रोपवाटिकेची पाव पान जाहिरात. आणि पेपरात कुठेही नसलेली, पण गावात शेंबड्या पोरालाही माहीत असलेली गोष्ट अशी की रोपवाटिका वार्ताहराच्या सख्ख्या मेहुण्याची आहे.

यात गुन्हा काय, असं कोणी म्हणेल. मेहुण्याची रोपं खरंच चांगली असू शकतात. असतीलही. पण पुढच्या पावसाळ्याची फाइल काढा. त्या वर्षी आमच्या पट्ट्यात केळीवर सीएमव्ही हा विषाणूरोग आला, ज्याला आपल्याकडे हरण्या म्हणतात. पानांवर पिवळे पट्टे पडले, पोंगा, म्हणजे मधलं कोवळं पान, सडला, आणि लोकांनी लावलेली रोपं उपटून बांधावर टाकली. पेपरने बातम्या भरपूर दिल्या, उपटलेल्या बागांचे फोटो दिले, पंचनाम्याची मागणी लावून धरली. कारण काय दिलं? ढगाळ हवामान. प्रत्येक बातमीत ढगाळ हवामान. हा रोग मावा पसरवतो, ढगाळ दमट हवेत मावा वाढतो, शेजारी काकडीवर्गीय पीक असेल तर तिकडूनही येतो, हे सगळं बरोबर. पण रोग लागलेल्या रोपांतूनही तो शेतात शिरतो. तेव्हा रोपं कुठून घेतली, रोपवाटिकेने विषाणूची तपासणी करून दिली होती का, बिलावर काही हमी होती का, हे शेतकऱ्याच्या बाजूचे अगदी साधे प्रश्न होते. ते त्या महिन्याभराच्या फायलीत एकदाही नाहीत. मेहुण्याची रोपं खराब होती असं मी म्हणत नाही, मला ते माहीत असण्याचं कारणही नाही. विचारायचं ज्याचं काम होतं त्याला विचारणं अवघड होतं, आणि ते का अवघड होतं हे वाचकाला कोणी सांगितलं नव्हतं. छापलेलं खोटं एक वेळ पकडता येतं. न छापलेला प्रश्न कोण पकडणार?

हे मी वार्ताहराच्या तोंडावर बोलले आहे, पाठीमागे नाही. तो चिडला नाही. चहाचा कप बाजूला सारून म्हणाला, "ताई, बातमीचा मले कोनी रुपया देत नही. जाहिरातीचं कमिशन भेटते. मंग तुम्हीच सांगा, सकाळी उठून मी कोनाच्या दारात जाऊ?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर हा रिव्ह्यू त्याच्यापेक्षा त्याच्या पेपरचा आहे. तालुक्याचा किंवा गावचा वार्ताहर म्हणजे जिल्ह्याच्या कार्यालयातला पगारी माणूस नव्हे. त्याच्याकडे अंकांची एजन्सी असते, वसुली त्याची, परत आलेल्या अंकांचा तोटा त्याचा. वर्धापनदिन, दिवाळी, पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, प्रत्येक वेळी जाहिरातींचं टार्गेट. पोटासाठी तो आणखी काहीतरी करतो, कोणी विमा एजंट, कोणी संस्थेच्या शाळेत शिक्षक, कोणी ठेकेदाराचा भागीदार. ज्या नगराध्यक्षाच्या कारभारावर लिहायचं, त्याच्याच वाढदिवसाची अर्ध्या पानाची शुभेच्छा मागायला त्यालाच जायचं. सरपंचाच्या घरकुल यादीवर लिहायचं आणि पुढच्या आठवड्यात ग्रामपंचायतीकडून 'हार्दिक शुभेच्छा' आणायच्या. ही सोय कार्यालयाने मुद्दाम लावलेली आहे, कारण ती कार्यालयाला स्वस्त पडते. ६ जानेवारीला, बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये 'दर्पण' सुरू केलं त्या दिवशी, आपल्याकडे गावोगाव पत्रकारांचे सत्कार होतात. शाल, डायरी, पेन, वर थंडीचे दिवस म्हणून बामणोदच्या वांग्यांचं भरीत. सत्कार कोण करतं ते फोटोत बघा. ज्यांच्यावर वर्षभर लिहायचं, तेच.

सहकाराचं पान तर मी आता करमणूक म्हणून वाचते. पतसंस्थेची वार्षिक सभा या पेपरात नेहमी 'खेळीमेळीत संपन्न' होते. सप्टेंबरच्या फायलीत एकाच पानावर तीन सभा खेळीमेळीत पार पडलेल्या आहेत. त्यातल्या एकीला मी सभासद म्हणून हजर होते. थकबाकीदारांची यादी वाचा, असं मागून कोणीतरी ओरडलं, एकाने माइक धरला, दुसऱ्याने तो ओढला, अध्यक्षांनी 'मंजूर, मंजूर' म्हणत अकरा विषय दोन दमांत संपवले आणि राष्ट्रगीत सुरू केलं. राष्ट्रगीत सुरू झाल्यावर ओरडणार कोण? छापून आलं खेळीमेळीत. ज्या जिल्ह्यात पतसंस्थांमध्ये अडकलेल्या ठेवींसाठी म्हातारी माणसं वर्षानुवर्षं खेटे घालत होती, तिथे हा शब्द निरुपद्रवी नाही. त्या संस्थेच्या तज्ज्ञ संचालकांपैकी एक जण पेपरच्या विभागीय कार्यालयाशी संबंधित आहे. ही माहिती मला पेपरने दिली नाही, संस्थेच्या अहवालाच्या मागच्या पानाने दिली. (आमच्या कार्यकारिणीचे अध्यक्षही त्याच संस्थेत संचालक आहेत. हा लागाबांधा वर सांगायचा राहिला होता, तो इथे सांगून टाकते.)

आणि ते 'भाग १'. मुरुमाच्या बेकायदा उत्खननावर मालिका सुरू झाली होती. पहिला भाग दणदणीत, गट नंबर, डंपरचे फोटो, तहसीलच्या पावत्यांचा घोळ, शेवटी 'क्रमशः'. आमच्याकडे लोक सकाळी येऊन विचारायचे, दुसरा भाग आला का. तो आला नाही. मी फाइल पुढची, त्याच्या पुढची, सगळी चाळली. नंतरच्या आठवड्यात एका क्रशरवाल्याच्या नव्या पंपाच्या उद्घाटनाची रंगीत पुरवणी मात्र आहे, चार पानी. दोन्हींचा संबंध आहे असा माझ्याकडे पुरावा नाही. पण 'काही कारणास्तव मालिका थांबवत आहोत' एवढी ओळ छापायला किती जागा लागते?

निवडणुकीत वाचनालयाची गंमत वेगळीच असते, कारण आमच्या टेबलावर चार पेपर शेजारी शेजारी पडलेले असतात. गेल्या खेपेला एका उमेदवाराच्या प्रचारफेरीचं वर्णन तीन पेपरांत वाचलं. 'माता-भगिनींनी ठिकठिकाणी औक्षण केले' इथपासून 'विजयाची औपचारिकता बाकी' इथपर्यंत स्वल्पविरामासकट सारखं. आमच्या या पेपरने तर कहर केला. एकाच पानावर वर एका उमेदवाराचा विजय निश्चित, खाली त्याच्याच विरोधकाचा विजय निश्चित. पैसे देऊन बातम्यांचं पॅकेज दोघांनीही घेतलं असणार, मग कोणाला नाराज करणार!

हे नवं नाही. २००९ च्या विधानसभेला महाराष्ट्रात एका बड्या नेत्यावरचा एकच मजकूर एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत शब्दशः छापून आला होता आणि प्रकरण निवडणूक आयोगापर्यंत गेलं होतं. पेपरांच्या आचारावर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, दोन सदस्यांची उपसमिती नेमली होती. परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी पेपरांची नावं घेऊन ७१ पानी अहवाल लिहिला. कौन्सिलने जुलै २०१० मध्ये जाहीर केला तो त्याचा छाटलेला अवतार, नावं काढून. पूर्ण अहवाल बाहेर यायला माहिती आयोगाचा आदेश लागला, तो २०११ मध्ये. पेपरांच्या लागेबांध्यांवरचा अहवालच पेपरांच्या भिडेने दाबला गेला, यापेक्षा बोलकं काय असणार? त्याच वर्षी उत्तर प्रदेशात बिसौलीच्या आमदाराला पेड न्यूजचा खर्च हिशेबात दाखवला नाही म्हणून आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. उमेदवाराची आमदारकी गेली, पण अशा व्यवहारात छापणाऱ्याचं काय जातं? आता विधानसभा-लोकसभेला जिल्हाधिकारी कार्यालयात एमसीएमसी नावाची समिती बसते, पेपर चाळते, संशयित मजकुरावर उमेदवाराला नोटीस काढायला निवडणूक अधिकाऱ्याला कळवते. ती उमेदवाराच्या खर्चाची समिती आहे. वाचकाची फसगत तिच्या कक्षेत येत नाही.

मालकाचं सांगते, कारण ते कोणालाही शोधता येतं आणि कोणी शोधत नाही. पेपर नोंदणीच्या १९५६ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक पेपरला दर वर्षी फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात 'फॉर्म नं. ४, नियम ८ पहा' या मथळ्याखाली निवेदन छापावं लागायचं. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, संपादक कोण, मालक कोण आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेले भागीदार कोण. ते इतक्या बारीक टाइपात आणि इतक्या कोपऱ्यात असायचं की बाजार समितीच्या टेंडर नोटिशीखाली दबून जायचं. पेपर नोंदणीचा १८६७ चा कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा लागू झाला, पण जुन्या फायली कुठे जात नाहीत. मी भिंग घेऊन मार्चचे जुने अंक काढले. भागीदारांत जी आडनावं आणि जे पत्ते आहेत, तेच एका शिक्षण संस्थेच्या माहितीपत्रकात आहेत आणि तेच जळगावातल्या एका बांधकाम व्यवसायाच्या फलकावर आहेत. मग बारावीच्या निकालाच्या दिवशी त्या संस्थेचं ज्युनिअर कॉलेज पहिल्या पानावर का असतं, फी वाढीच्या विरोधातला मोर्चा इतर पेपरांत आला तेव्हा इथे एका कॉलमात तोही संस्थेचं नाव न घेता 'एका शैक्षणिक संस्थेवर' असा का आला, याचा उलगडा झाला. धंदा असणं पाप नाही. नुसत्या पेपरवर आज कोणाचं भागत नाही, हेही मला कळतं. पण निकालाच्या त्या बातमीखाली 'या संस्थेचे विश्वस्त या दैनिकाचे भागीदार आहेत' एवढं छापलं, तर आई-बाप पोराची फी भरण्याआधी बातमी वेगळ्या नजरेने वाचतील. बहुधा म्हणूनच छापत नसावेत.

मी संपादकांना पत्र लिहिलं. प्रेस कौन्सिलकडे जायचं तर आधी संपादकाला लिहावं लागतं आणि दैनिकाच्या बाबतीत मजकूर छापून आल्यापासून दोन महिन्यांत तक्रार करावी लागते. जाहिरात आणि बातमी वाचकाला वेगळी ओळखू आली पाहिजे, हे कौन्सिलच्या आचारसंहितेत स्पष्ट आहे. कौन्सिलच्या हातात मात्र समज देणं आणि निषेध नोंदवणं एवढंच आहे, दंड नाही. म्हणून तक्रारीची घाई न करता साधं मागितलं. नात्यातल्या, भागीदारीतल्या, जाहिरातदाराच्या मजकुराखाली एक ओळ टाका आणि पैसे घेतलेल्या मजकुराला चौकट करा. पत्र वाचकांच्या सदरात छापून आलं, आभारासकट. मालक आणि शिक्षण संस्थेचा परिच्छेद तेवढा नव्हता. जागेअभावी, असं फोनवर सांगितलं. त्या दिवशी त्या सदरात खाली तीन बोटं जागा कोरी होती.

तर घ्यावा का? शेती असेल, तापीकाठी राहत असाल, चार गावांत नातेवाईक असतील तर घ्यावाच. हतनूर, केळीभाव आणि निधनवार्ता यांसाठी याला आमच्याकडे तोड नाही. पोराचं ॲडमिशन, पतसंस्थेतली ठेव, हॉस्पिटलचं ऑपरेशन किंवा मतदान ठरवायला घेणार असाल, तर शेजारी आणखी एक पेपर ठेवा, शक्यतो वेगळ्या मालकाचा, आणि दोन्हींत काय आलं नाही ते बघा. छपाईला चार तारे, वितरणाला पाच, स्थानिक माहितीला चार. लागेबांधे सांगण्याला मी अर्धा देत होते, पण नुकताच रोपांवरचा आणखी एक लेख आला आणि या वेळी कंसात (वा.प्र.) होतं. नंबर अजूनही शेवटच्या ओळीत आहे, चौकट नाही, पण (वा.प्र.) आहे. म्हणून एक तारा. सरासरी काढली की होतात साडेतीन. कार्यकारिणीने पुढच्या वर्षाची वर्गणी मंजूर केली. बैठकीला वार्ताहर हजर होता. या विषयावर त्याने मत देऊ नये, असं मी सुचवलं. अध्यक्ष हसले, म्हणाले, मग मीही देत नाही. ठराव चार मतांनी झाला आणि इतिवृत्तात दोघांनी मत का दिलं नाही याचं कारण मी लिहून घेतलं आहे.